भंडारदरा, अचानक

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. मी स्वयंपाकघरात टक्कूसाठी कैऱ्या किसत होते. आदल्या रात्रीच पुण्याहून आलेला मुलगा चहाचा कप घेऊन ओट्याशी आला आणि म्हणाला, "आई, चल, भंडारदऱ्याला जाऊ. काजवे बघू. उद्या संध्याकाळपर्यंत परत."

"कधी जायचं?"

"आत्ता."

माझी किसणी हातातच राहिली. अहो, मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. सहल म्हणजे महिनाभर आधी मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांच्या सह्या, एसटी डेपोत अर्ज, प्रथमोपचाराची पेटी, आणि शेवटी त्या लाल गाडीत साठ मुलं. घरच्या सहली तर आम्ही केल्याच नाहीत. हे बँकेत, मी शाळेत, आणि सुट्टी लागली की माझं माहेर, चाळीसगाव. "आत्ता" जायचं असतं ते दवाखान्यात किंवा मौतीला, अशी माझी समजूत.

आणि बरोबर दोन वर्षांची नात! सूनबाईंनी मात्र वीस मिनिटांत पिशवी भरली. मी माझी वेगळी भरली. मऊ भातासाठी तांदूळ-डाळ, मेतकूट, तुपाची बरणी, नाचणीचं सत्त्व, जायफळ, सुती दुपटी. सून माझ्या पिशवीकडे बघून हसली. रात्री तेच मेतकूट-भात सगळ्यांनी खाल्लं, हे आपलं जाता जाता सांगते.

नाशिकहून भंडारदरा सत्तरेक किलोमीटर. घोटीला महामार्ग सोडला की रस्ता बदलतो, हवाही बदलते. बारी गावापाशी कळसूबाई दिसतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मी नातीला म्हटलं, "ते बघ कळसूबाई." तिने रस्त्यातली म्हैस बघितली. म्हशीला "भू" म्हणायचं असं तिचं ठरलेलं आहे.

काजव्यांच्या दिवसांत शेंडीत खोली मिळणं कठीण, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. अचानक जाण्याचं हे असं असतं. चार ठिकाणी नकार ऐकून शेवटी एका घरातली पुढची खोली मिळाली. पंखा होता, वीज नव्हती. सूनबाईंचा चेहरा थोडा उतरला, पण ती बोलली काही नाही.

दुपार कलल्यावर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीला गेलो. विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचं पाणी अडवलेलं. मे अखेरीस ते पार खाली गेलेलं असतं, काठावर भेगाळलेला गाळ दिसतो. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं मानतात. १९८० च्या सुमारास मी इथे शाळेची सहल घेऊन आले होते. देवळाजवळ पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि त्यांत मूर्ती. त्या वेळी मी पोरांना पुष्करणीच्या काठापासून दहा पावलांवर रांगेत उभं केलं होतं आणि दर दहा मिनिटांनी आकडे म्हणायला लावले होते. एक, दोन, तीन... साठ. एकदा ४१ नंबरचा बोललाच नाही, तर माझ्या पोटात गोळा आला होता. तो पेरू खात होता.

आता जे सांगायचंय ते सांगते. सून दुधाची बाटली आणायला गाडीकडे गेली. नातीचा हात माझ्या हातात होता. मुलाने विचारलं, "आई, या कोनाड्यांत कोण आहे गं?" झालं. मला शिकवायची खोड. मी हात सोडून मूर्ती दाखवायला लागले. शंख कुठे, चक्र कुठे. किती वेळ बोलले कोण जाणे. एक मिनिट? दोन?

"ओ आजी, पोर पान्याकडं चाललीया!"

करवंदं विकणारी एक बाई पाटी टाकून धावली होती. नात तिसऱ्या का चौथ्या पायरीवर होती, बसत बसत उतरत होती, जशी ती घरी पलंगावरून उतरते. खाली हिरवं पाणी. बाईने तिला दंडाला धरून वर आणलं. नात रडली ती त्या बाईने धरलं म्हणून.

माझे पाय लटपटत होते. त्या बाईला मी पैसे द्यायला लागले, तर म्हणाली, "करवंदं घ्या, मंग द्या." दोन द्रोण घेतले. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. सून बाटली हलवत येताना दिसली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई, तिला नको सांगूस. उगाच."

मी तेव्हा नाही सांगितलं.

रात्री पांजऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गेलो. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर पावसाच्या आधी काजवे जमतात. चमकतात ते बहुतेक नर, माद्यांना बोलावण्यासाठी. म्हणून तिथे विजेऱ्या आणि गाड्यांचे दिवे लावू नका म्हणतात. आपल्या उजेडात त्यांची हाक बुडते. तरी लोक मोबाईल लावतातच. पण एका वळणावर गर्दी मागे राहिली आणि समोरचं एक अख्खं झाड एकदम पेटलं, एकदम विझलं. पुन्हा पेटलं. आवाज नाही, ऊब नाही. नात आईच्या कडेवरून "दिवा, दिवा" म्हणाली आणि पाच मिनिटांत झोपली.

त्या अंधारात मी सुनेला सांगितलं. सगळं. हात मीच सोडला, हेही. चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं असेल. ती बराच वेळ गप्प होती. झाड दोन-तीनदा पेटलं, विझलं. मग म्हणाली, "किती पायऱ्या?"

"तीन. किंवा चार."

"बरं झालं सांगितलंत." एवढंच. आवाज कोरडा होता. रात्री मला झोप लागली नाही, आणि तीही कूस बदलत होती हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही. रंधा धबधब्याला गेलो, धार अगदी बारीक होती, तिथेही नाही. मी मागितलीही नाही. मी करवंदं धुतली, बिया काढल्या, वाटीत घालून सुनेच्या हातात दिली. मुलगा उगाच विनोद करत होता.

परतताना घोटीला थांबलो. मुलगा तांदूळ बघायला उतरला. पोरीला लंगोट बदलायला हवा होता आणि पिशवी डिकीत. सूनबाईंनी दार उघडलं, क्षणभर थांबली, आणि पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं.

"आई, घट्ट धरा हं," म्हणाली.

मी धरली. इतकी घट्ट, की पोरगी कुरकुरायला लागली.