रिकाम्या टाकीची हकीकत

रत्नागिरी

चि. मुक्ता हिस,


तुझे पत्र पावले. खाऱ्या पाण्याची टाकी हौसेने घरी आणली, परंतु महिनाभर तीत मासा सोडू नये अशी दुकानदाराने ताकीद दिल्यामुळे नुसती वाळू नि पाणी पाहत बसावे लागते, अशी तुझी तक्रार आहे. ज्या लंडन शहरात बसून तू ती करतेस, तेथेच या विद्येचा बराचसा पाया घातला गेला असल्यामुळे तिची हकीकत तुला कळवावी असे वाटले.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणून लंडनमधील आपल्या घरी ठेवले. साचल्या पाण्यात ते तगणार नाहीत हे ओळखून, तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहण्याची तजवीज तिने केली. ते काम तिची एक दासी करीत असे. पुढे बाईंनी पाण्यात सागरी वनस्पती लावल्या, त्यांचे नाव झाले. माझे मन मात्र त्या दासीपाशी घुटमळते, कारण तुझ्या टाकीतला पंप विजेवर जे करतो ते तिने हातांनी केले.

१८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याचा छंद बळावला. पण समुद्राचे पाणी लंडनला वाहून आणणे खर्चाचे होते. तेव्हा फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने, ब्रायटनजवळच्या समुद्रजलाचे रासायनिक पृथक्करण पुढ्यात ठेवून, साधे मीठ, एप्सम क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे चार जिन्नस तोलून गोड्या पाण्यात मिसळले आणि १८५४ मध्ये ती कृती प्रसिद्ध केली. पुढे चॅलेंजर जहाजाने महासागरांतून गोळा केलेले ७७ नमुने तपासून डिटमार या रसायनज्ञाने १८८४ मध्ये दाखवून दिले की, पाणी कमी खारट असो वा अधिक, त्यातील मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण बहुतेक सर्वत्र सारखेच असते. एवढ्या अफाट जलराशीने एकच प्रमाण सांभाळावे, याचे मला आजही नवल वाटते. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिश्रण घालून तुला घरात समुद्र करता येतो, तो या नियमामुळे. पाणी बदलताना मात्र मीठ टाकीत थेट कधी टाकू नकोस. शुद्ध पाण्यात, वेगळ्या बादलीत, पंप लावून दिवसभर फिरू दे.

आता वाळू. तरुणपणी मी इथल्या मांडवी किनाऱ्याची काळी वाळू आणली, तांदळाच्या धुवणासारखे गढूळ पाणी निघत होते तोवर कशीबशी धुतली, ऐन श्रावणात किनाऱ्यावरचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी पाच मासे सोडले. आठवड्याच्या आत पाचही मेले. पावसाळ्यात नद्यांच्या पुराने किनाऱ्याचे पाणी फिके नि गाळाचे होते हे खरे. परंतु खरे कारण मला फार उशिरा उमगले. मासा जो अमोनिया टाकतो, त्याचे एका जातीचे जिवाणू नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरे पुष्कळच सौम्य. हे जिवाणू वाळूच्या कणाकणावर आणि खडकावर बिऱ्हाड करतात, आणि ते नीट रुजायला चार-सहा आठवड्यांची मुदत लागते. माझी वाळू वरून स्वच्छ होती, पण तीत हे बिऱ्हाड थाटलेच गेले नव्हते. त्या पाच जिवांची रुखरुख मला अजून आहे, आणि म्हणूनच तुला इतके विस्ताराने लिहितो आहे.

तेव्हा तुझी टाकी रिकामी नाही. रोज चाचणी करून आकडे वहीत टिपत जा; मासा नसतानाही टाकीत अमोनियाचा काही उगम असेल, तर अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन स्थिरावल्यावर एकच मासा आण. आणखी एक: मिठागरात पाणी उडून जाते व मीठ मागे राहते, तसेच तुझ्या टाकीतही घडते, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. आजच्या पातळीवर काचेबाहेरून एक रेघ ओढून ठेव.

तुझा,
मामा