लाल पाटीचा गृहस्थ

‘लाइफ’ हे अमेरिकी सचित्र साप्ताहिक. हा गृहस्थ अंगाने थोराड. रुंदी सुमारे साडेदहा इंच, उंची चौदाच्या आसपास. पुस्तकांच्या फळीवर तो मावत नाही, आडवाच निजवावा लागतो. डाव्या कोपऱ्यात वर लाल पाटी आणि तिच्यावर ठसठशीत पांढरी चार इंग्रजी अक्षरं. रद्दीच्या गठ्ठ्यात तळाशी असला, तरी लाल कोपरा दिसला की हात आपोआप तिकडे जातो.

जन्म न्यूयॉर्कचा. नाव मात्र जुनं, एका विनोदी नियतकालिकाचं. प्रकाशक हेन्री लूस यांनी ते नियतकालिक नावासाठीच विकत घेतलं. २३ नोव्हेंबर १९३६चा पहिला अंक, किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर मॉन्टानातल्या फोर्ट पेक धरणाचं अजस्र बांधकाम, फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा. नव्या साप्ताहिकाने पहिल्याच दिवशी एखाद्या नटीऐवजी काँक्रीट दाखवावं, यातच त्याचा स्वभाव आला.

आधी बघा, मग वाचा, हा त्याचा खाक्या. फोटोला पानभर, प्रसंगी दोन पानं जागा. मजकूर बाजूला अंग चोरून उभा. १९४८ साली त्याचे छायाचित्रकार यूजीन स्मिथ कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरबरोबर कित्येक दिवस राहिले. त्या फोटोंमधला दमलेला, हातात कप घेऊन उभा असलेला डॉक्टर पाहिला की त्याची रात्र कशी गेली असेल हे कुणी सांगावं लागत नाही. बर्क-व्हाइट १९४६मध्ये पुण्यात गांधीजींचा फोटो घ्यायला आल्या, तेव्हा ‘आधी सूत कातायला शिका’ असं त्यांना सांगण्यात आलं. चरख्याआड बसून वाचणारे गांधीजी आपण सगळ्यांनी पाहिलेत, तो फोटो त्याच भेटीतला.

दुःखाच्या वेळी मात्र हा गृहस्थ वेगळा दिसतो. केनेडींच्या हत्येनंतरच्या २९ नोव्हेंबर १९६३च्या अंकावर लाल पाटी नाही, तिथे काळी आहे. रंग बदलला, एवढंच. पण गठ्ठा चाळताना तो अंक आला की बोटं थांबतात. २७ जून १९६९च्या अंकात याहून धाडसाचं काम आहे. व्हिएतनाममध्ये एका आठवड्यात मारल्या गेलेल्या २४२ अमेरिकी जवानांची नावं आणि त्यातल्या बहुतेकांचे चेहरे, पानामागून पान, शाळेच्या गॅदरिंगच्या अंकात असतात तसे ओळीने. पोरसवदा चेहरे, काही हसरे. युद्धाविरुद्ध एवढं बोलणारं दुसरं पान मी पाहिलेलं नाही.

पुढे जाहिराती दूरचित्रवाणीकडे वळल्या, टपालखर्च वाढला आणि १९७२च्या डिसेंबरअखेर साप्ताहिक थांबलं. नंतर ते मासिक होऊन परतलं, पण मी जमवतो ते साप्ताहिकच.

हे अंक दुर्मिळ नाहीत. ते लाखांनी छापले जात, म्हणून ‘एकमेव प्रत’ म्हणून कुणी भाव चढवत असेल तर मुकाट्याने पुढे जावं. बघायचं ते वेगळंच. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी मुखपृष्ठावर आहे का, पिना गंजून पानांवर तांबडे डाग उतरलेत का, पावसाळ्यात गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटलीत का, कसर लागली आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पानं पुरी आहेत का. मोटारींच्या, शीतपेयांच्या रंगीत जाहिराती कापून चौकटीत घालून विकणं हा एक धंदाच आहे. शिवाय एका बाजूची जाहिरात कापली की पाठीमागचा मजकूर किंवा फोटोही जातो.

साप्ताहिकाचे जुने अंक आता गूगल बुक्सवर फुकट पाहता येतात, तरी मी कागद जमवतो. युद्धातला चिखल आणि शेजारच्याच पानावरचा चकचकीत रेफ्रिजरेटर एकदम डोळ्यांपुढे येतात ते अंक मांडीवर पसरल्यावरच. तो काळ त्या शेजारात आहे.

तेव्हा आजोबांच्या पेटीत किंवा माळ्यावर असा एखादा अंक सापडला, तर कृपा करून त्यातला फोटो कापून भिंतीवर लावू नका. कोरड्या जागी आडवा ठेवा आणि द्यायचाच झाला तर अख्खा द्या.