लंडनहून आईला

साउथ केन्सिंग्टन, मंगळवार रात्र



पोचल्याचं फोनवर कळलंच आहे. गुडघा शेकतेस ना? नळवाला येऊन गेला का?

इथे चारलाच अंधार पडतो आणि थंडी हाडांत शिरते. साधा चहा तीन पौंडांना, म्हणजे तीनशेच्या वर रुपये, आणि त्यात ना आलं ना उकळी. खोलीत शेगडी नाही. शिजवलेल्या भाताचं पाकीट मायक्रोवेव्हमध्ये गरम करते, वर तू दिलेलं मेतकूट आणि तूप. रोज तेच खाते आणि रोज संध्याकाळी त्याचीच वाट बघते.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा राग अजून गेला नाही. ‘पतंग बघायला एवढ्या लांब?’ असं पुन्हापुन्हा विचारत त्याने मला ताटकळत ठेवलं. बॅगेत नुसते फोटो आणि रेखाटनं. पतंगाचा नमुना परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हे सांगितलं तर ऐकूनही घेतलं नाही.

शुक्रवार

आई, आज लिहायला हात शिवशिवतोय. देवमाशाचा सांगाडा आणि बिग बेन बघून झाले. खरं बघायचं ते संग्रहालयाच्या खणांत आहे.

आंबोलीला मिळालेला आपला पतंग ‘सायाना’ या गटातला, पांढऱ्या पंखांवर लाल पट्टे. या गटातल्या अळ्या स्वतःचेच केस विणून जाळीदार पिंजरा करतात आणि त्यात कोष होऊन राहतात. पण पंखांवरून जात ठरत नाही, पट्टे बऱ्याच जातींचे सारखेच. नराचं पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवून, खवले झाडून, जननेंद्रियांचे भाग काचेवर मांडावे लागतात. आपल्या नराचा एक काटा ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हता. तरी नवी जात म्हणण्याआधी जुन्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना बघायलाच हवा, आणि त्यातले बरेच इथे आहेत. हॅम्पसनने १८९२ ते १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या पतंगांचे चार खंड लिहिले, ते याच संग्रहाच्या आधारावर. मूळ नमुन्याच्या टाचणीला लाल कडेची गोल चिठ्ठी असते. एका खणात चिठ्ठीवर ‘पूना’ वाचलं आणि डोळे भरून आले. आपल्या डोंगरांतली पाखरं बघायला आपल्यालाच व्हिसा काढावा लागतो, हे मला मान्य नाही.

काटा इथेही कुणाशीच जुळला नाही. जात नवी आहे, असं आता मी म्हणते. डीएनए जुळणी मात्र परत आल्यावर करीन. आणि याचा मूळ नमुना अकुर्डीला, प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात राहील. कायदाच तसा आहे, आणि योग्य आहे.

फक्त आपल्याकडे सगळे नरच आहेत, मादी एकही नाही. आंबोलीच्या मामाला फोन कर. अमावास्येच्या आसपास मागच्या अंगणात दिव्यामागे पांढरी चादर लावायला सांग. लाल पट्ट्यांचं काही बसलं तर हात न लावता काचेच्या बरणीत धरून ठेवावं, आणि तारीख लिहायला विसरू नये.

तुझीच