गंजगोलाईत एक क्रियापद

लातूरला आलात तर गंजगोलाई पाहिल्याशिवाय परत जाऊ नका हं! शहराच्या मधोमध असलेली ही गोलाकार, दुमजली बाजारपेठ. फय्याजुद्दीन या नगररचनाकारांनी तिचा आराखडा केला आणि १९१७ साली ती उभी राहिली. मधोमध अंबादेवीचं देऊळ, आणि भोवती फुटणारे तब्बल सोळा रस्ते. कुठं सोनंचांदी, कुठं चपला, कुठं गूळ, कुठं भाजी. डोळे मिटून चाललात तरी मिरचीबाजार आल्याचं नाकाला बरोबर कळतं. तिथं ठसकाच लागतो!

'ठसका लागतो' यातला 'लागणे' ध्यानात ठेवा. त्याच्यासाठीच आज तुम्हाला गोलाईत आणलंय.

माझ्या तिसरीच्या वर्गात मागं एक मुलगी आली. बीदरकडची, घरी कन्नड बोलणारी. बीदर कर्नाटकात असलं तरी आम्हाला काही परकं नाही. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. तर पहिल्याच आठवड्यात ही मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मला तहान झाली."

वर्ग खो खो हसला. खरं सांगते, मीही हसले. ती गपकन खाली बसली. पाणी प्यायला गेलीच नाही. शाळा सुटेपर्यंत तशीच बसून राहिली, आणि पुढे आठ दिवस वर्गात तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी देवणीकडच्या. त्यांना कन्नड येतं. त्यांनीच मला सुनावलं, "अहो बाई, कन्नडमधी 'ननगे बायारिके आगिदे' म्हणतेत. म्हंजे मला तहान झालीय. पोरीनं काय चुकीचं म्हणलं?"

मी ओशाळले. मग तिची दुसरी 'चूक' आठवली. औशाला जायला किती वेळ लागतो, असं मी विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "अर्धा तास पाहिजे." कन्नडमध्ये तिथं 'बेकु' येतं, म्हणजे 'हवं, पाहिजे'. आणि गंमत ऐका. दूर युरोपात इटलीचे लोकही असंच बोलतात! एक तास लागतो, हे ते 'ची व्वोले उनोरा' असं म्हणतात. त्यातलं 'व्वोले' म्हणजे 'हवं असतं'. दोन तास असले की तेच क्रियापद बदलून 'ची वोल्योनो' होतं. आपण नाही का, एक तास लागतो, दोन तास लागतात म्हणत? इटालियन शिकणारी माणसं नेमकी इथंच अडखळतात. तहानेचं तर त्यांचं आणखी निराळं. 'ओ सेते', म्हणजे 'माझ्यापाशी तहान आहे'. जणू खिशातच घेऊन फिरतात!

एका शनिवारी सगळा वर्ग गोलाईत नेला. खेळ एकच: 'लागणे' जिथं कानावर पडेल तिथं बोट वर करायचं. पोरांची बोटं खाली येईनात. चपलेच्या दुकानात 'अंगठ्याला लागतंय', भाजीवालीकडं 'रांग लागलीय की', सोनाराकडं 'अजून वेळ लागेल'. एक म्हातारबा आभाळाकडं बघून म्हणाले, "पाऊस यायलालाय." मी मुलांना विचारलं, यात कुठं आहे 'लागणे'? कुणालाच सांगता येईना. अरे, 'यायला लागलाय' हेच आपल्या जिभेवर घासून 'यायलालाय' झालंय! दिवसभर बोलतो आपण, पण ऐकत नाही.

गुळाच्या दुकानात आजोबा गिऱ्हाईकाला सांगत होते, "सातशे फूट गेलो, पण पाणी लागलं नाही."

आमच्या मुलीनं हळूच विचारलं, "पाण्याला कुठं लागलं?"

बाकीची हसण्याआधीच आजोबा तिच्याकडं वळले. म्हणाले, "पाण्याला नाही पोरी, आपल्याला लागलं." मग त्यांनी २०१६ सालची गोष्ट सांगितली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. बोअर घ्यायचं नि पाणी लागतंय का बघत बसायचं. टँकर आला की घागरींची रांग लागायची. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. शेवटी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. माझ्या वर्गातल्या मुलांना यातलं काही आठवणं शक्यच नव्हतं. सगळी गप्प होऊन ऐकत होती. बोट वर करायचंही विसरली.

आजोबांनी मला विचारलं, "ही तुमची कोण लागते?"

मी उत्तर शोधतेय तोवर तीच म्हणाली, "मी बाईंची तिसरी लागते."

"तिसरी? मग पहिल्या दोघी कुठायत?"

सगळे हसले. या वेळी तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं. आजोबांनी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "कसा लागला?"

"गोड लागला," ती म्हणाली. बोटं चाटून झाली, आणि मग माझा पदर ओढत म्हणाली, "बाई, तहान लागली."