कोंबडीची चरबी, माणसाचं रक्त

‘शास्त्रीय शब्द टाळा,’ असं संपादकांनी दोनदा बजावलंय. बघू, जमतंय का.

श्रावणात शहराच्या पूर्वभागातली एक बाई मुलीला घेऊन माझ्या लॅबमध्ये आली. आई विड्या वळणारी; पैशांच्या पिशवीलाही तंबाखूचा वास. मुलगी सोळाची, वजन ८१ किलो. मोबाइल पुढं करत बाई म्हणाल्या, ‘जाडीचा व्हायरस असतोय म्हणे. रक्तातनं कळतंय. तेवढी टेस्ट करून द्या की.’

ही टेस्ट माझ्याकडे नाही. पण ‘असलं काही नसतं’ म्हणवेना, कारण ही भानगड सुरू झाली ती आपल्या मुंबईत, कोंबड्यांपासून. १९८०च्या दशकात तिथं कोंबड्यांत साथ आली. मेलेल्या कोंबड्या तपासणाऱ्या डॉ. अजिंक्य या पशुवैद्यकांना पोटात चरबीच चरबी दिसली. साथीत मेलेला जीव रोडावलेला हवा! डॉ. निखिल धुरंधर लठ्ठपणावर उपचार करत. त्यांनी हे ऐकलं आणि धागा सोडला नाही. कोंबड्यांना त्या साथीतला विषाणू टोचला. चरबी वाढली, कोलेस्टेरॉल उतरलं. मग माणसं. १९९७च्या निबंधात ५२ लठ्ठ मुंबईकर. दहा जणांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी. त्या दहांचं सरासरी वजन ९५ किलो, बाकीच्यांचं ८०. कोलेस्टेरॉल इथंही कमीच. पॅथॉलॉजिस्टची झोप उडायला एवढं पुरे.

धुरंधर अमेरिकेत गेले, पण कोंबडीचा विषाणू तिकडे नेता येईना. मग माणसातला अॅडेनोव्हायरस-३६ घेतला. २००५मध्ये पाचशेवर लोक तपासले, तर त्याच्या अँटिबॉडी सापडल्या त्या लठ्ठांपैकी ३० टक्क्यांत, इतरांपैकी ११ टक्क्यांत. पुढं अमेरिकी सैनिकांत मात्र जाड-बारीक जवळपास सारखेच निघाले.

आता माझं जुनं भांडण. ही अँटिबॉडी शोधायच्या मूळ पद्धतीत सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, पातळ करत न्यायचं, विषाणूत मिसळून जिवंत पेशींवर सोडायचं आणि रोज सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं : पेशी तगतात की मरतात? दिवसचे दिवस जातात. एलायझाचं किट काही तासांत रंग दाखवतं. पण अॅडेनोव्हायरसचे भाऊबंद पन्नासावर, एकाची अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटली तर? आणि लोक दोन्हीकडचे आकडे खुशाल एका तक्त्यात बसवतात! (संपादक, हे कापू नका.)

अँटिबॉडी ही किराणा दुकानाच्या वहीतली नोंद. पण या वहीत तारीख नसते. विषाणू आला तेव्हा माणूस आधीच जाड होता का, हे त्यात लिहिलेलं नसतं. कोरोनापासून मात्र ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की निकाल लागला. थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे अँटि-टीपीओ, पॉझिटिव्ह आली की थायरॉइडची टेस्ट टीएसएच नॉर्मल असली तरी जाडीचं खापर थायरॉइडवर. तीस वर्षं समजावतोय. आणि धुरंधरांचं खरं निघावं असं मला मनातून वाटतं, हेही लपवत नाही. म्हणून माझ्यावरही जरा नजर ठेवा.

हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं, चांगली वीस मिनिटं. मुलीची शुगर आणि टीएसएच तेवढं करून घेतलं. दोन्ही ठीक आले. रिपोर्ट पिशवीत घालता घालता बाईंनी विचारलं, ‘मग आता कोंबडी खायची का न्हाई?’