‘हवामान कोरडे राहील’ : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि त्याला लागून दक्षिणेस आंबेगाव, असे हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. शिवछत्रपतींचा जन्म १६३० साली ज्या शिवनेरीवर झाला तो दुर्ग येथला. लेण्याद्रीचा गिरिजात्मज येथला. आणि सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतील माल ज्या खिंडीतून देशावर चढत असे तो नाणेघाटही येथलाच. या स्थळांची वर्णने आमच्या वाचकांनी अनेकवार वाचली असतील, म्हणून त्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. मागील फाल्गुनात या मुलखात आम्ही चार दिवस हिंडलो ते निराळ्या जिज्ञासेने. डोंगरांना लागणारा वणवा आणि पुण्याच्या वेधशाळेतून निघणारा हवामानाचा अंदाज, या दोहोंचा परस्परांशी काही संबंध जडला आहे की नाही, हे आम्हास पाहावयाचे होते.

जुन्नरहून एस. टी. ने पश्चिमेकडे निघाले म्हणजे प्रथम चावंडचा किल्ला लागतो, पुढे कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वराचे प्राचीन देवालय, आणि शेवटी घाटघर ओलांडून नाणेघाटाची खिंड. श्रावणात हिरवा शालू नेसलेला हा प्रदेश फाल्गुनात ओळखू येत नाही. डोंगराचा अर्धा उतार वाळल्या गवताने पिवळा, तर अर्धा जळून काळा ठिक्कर पडलेला. या दोहोंच्या सीमेवर कोठे कोठे धुराची बारीक रेघ वर चढत असते. इतक्या पावसाच्या प्रदेशात आग कशी, असा प्रश्न प्रवाशास सहज पडावा. त्याचे उत्तर पावसातच आहे. घाटमाथ्यावर चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याने गवत कमरेइतके वाढते, आणि मग आश्विन-कार्तिकापासून पुढे ज्येष्ठापर्यंत बहुधा थेंबही पडत नाही. जो पाऊस रान वाढवितो तोच जणू त्याचे सरपणही रचून ठेवतो. त्यात कारवी सात वर्षांनी एकदा फुलून मरून गेली, म्हणजे तिच्या वाळल्या काड्यांची त्या सरपणात भर पडते.

संस्कृतज्ञांस ‘मेघदूता’तील दवाग्नीचा प्रसंग आठवेल. हिमालयात वारा सुटला असता सरल वृक्षांच्या बुंध्यांचे घर्षण होऊन वणवा पेटला, तर तो जलधारांनी शांत कर, असे यक्ष मेघास विनवितो. वारा आणि वणवा यांचे नाते कालिदासाने अचूक हेरले होते, यात शंका नाही. परंतु आमच्या सह्याद्रीत झाडाला झाड घासून पेटलेला वणवा विरळा. येथे काडी ओढणारा हात मनुष्याचाच असतो. जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते ही समजूत; भातरोपांसाठी राब भाजताना बांधाबाहेर गेलेली ठिणगी; वाटसरूने टाकलेली विडी; आणि अलीकडे शहरातून गडावर आलेल्या तरुण मंडळींनी रात्री पेटवून तशीच सोडलेली शेकोटी, ही त्याची नित्याची कारणे. यांवर पाणी ओतावयास यावा तो मेघ मात्र ज्येष्ठाशिवाय इकडे फिरकत नाही.

जुन्नरहून आम्ही घोडेगावास आलो. आंबेगाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. ज्या गावाचे नाव तालुक्याने धारण केले आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. जलाशयाच्या कडेने पश्चिमेस जाताना माळीण लागते. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीने डोंगर खचून हे गाव गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. तेव्हा गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगास प्रथम कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकामुळे. डोंगरातून शहरात वार्ता जाण्यास एवढे सायास पडतात, तर शहरातून डोंगरात वार्ता येण्यास किती पडत असतील, हा विचार तेथून पुढे आमच्या मनातून हलेना.

रस्ता संपतो तो आहुप्यास. येथून कोकणचा कडा सरळ खाली तुटतो, येथेच घोड नदी उगम पावते, आणि येथल्या देवराईत भर दुपारीही अंधारून यावे अशी गर्द झाडी आहे. दक्षिणेस भीमाशंकरचे अरण्य पसरले आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेल्या या अरण्यास १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात आणि नाचणीवर वर्ष निभत नाही. हातात रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा. आपल्या घरांतून तान्ह्या मुलांच्या गुटीसाठी सहाणेवर जो हिरडा उगाळला जातो, तो याच डोंगरांत उन्हाळ्याच्या तोंडी वेचून वाळविला जातो. वणव्याचे दिवस आणि हिरड्याचे दिवस एकच, ही यातली गोम आहे.

ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही वणव्याविषयी विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, गवत जळालं तर परत येतं. हिरड्याचा फुलोरा एकदा भाजला की साल गेलं.”

“बाबा, हवामानाचा अंदाज ऐकता की नाही?”

“पावसाचा ऐकतो की. पण आता कशाचा अंदाज? आता रोज कोरडंच.”

या शेवटच्या तीन शब्दांत सारा विषय साठविलेला आहे असे आम्हास वाटते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ‘हवामान कोरडे राहील’ हे वाक्य आपण सर्वच ऐकतो, आणि सांगण्यासारखे काही नाही असा त्याचा अर्थ करून दुसऱ्या कामास लागतो. पावसाची वाट पाहणारास तो अर्थ पुरेसा आहे. रानाच्या दृष्टीने मात्र तीच धोक्याची सूचना होय. आणि एक कोरडा दिवस दुसऱ्या कोरड्या दिवसासारखा मुळीच नसतो.

तो कसा नसतो हे थोडक्यात सांगतो. ठिणगी पडल्यावर आग विझेल की धावेल हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरते: तपमान, हवेतील दमटपणा, वाऱ्याचा जोर व दिशा, आणि शेवटचा पाऊस पडून किती दिवस लोटले. वाळलेले गवत हवेतील ओलावा तासा-दोन तासांत घेते व सोडते. म्हणून पहाटे दवाने नरमलेले जे गवत धड पेटत नाही, तेच दुपारी दोन वाजता कापुरासारखे पेट घेते. त्यातच दुपारनंतर कड्यावरून कोकणचा वारा वर चढू लागतो. डोंगराचा चढही आगीस साह्य करतो. ज्वाळा वरच्या गवतास आधीच तापवून ठेवतात, आणि उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. सकाळी सातास चार माणसांनी डहाळ्यांनी झोडून विझेल अशी आग दुपारी तीनास चाळीस जणांस आवरत नाही.

आता हे घटक आधी वर्तविणारी विद्या आपल्यापासून फार दूर नाही. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला, आणि १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी पुण्याची ती इमारत लोकांच्या तोंडी अद्यापि ‘सिमला ऑफिस’च आहे. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी शाखा पुण्यातच १९३२ साली निघाली. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे नभोवाणीवरून सुरू झाली. २०१९ साली शासनाने शेतकऱ्यांच्या मोबाइलसाठी जी हवामानसेवा काढली तिचे नाव तर ‘मेघदूत’ असेच ठेवले. तीत तपमान, पाऊस, दमटपणा आणि वारा ही माहिती जिल्हावार देण्याची योजना केली. म्हणजे वणव्याचे गणित मांडण्यास लागणारे आकडे बहुतेक आहेतच; ते त्या दृष्टीने वाचले जात नाहीत, एवढेच.

त्या दृष्टीने वाचण्याचे काम देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था करते. २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने ती आगीची ठिकाणे कळवू लागली, आणि २०१७ पासून अधिक सूक्ष्म, ३७५ मीटरांपर्यंतचे दर्शन देणारे उपकरण तिच्या उपयोगी पडू लागले. याशिवाय हवामान विभागाच्या आकड्यांवरून, आग लागण्यापूर्वीच कोणते वनक्षेत्र धोक्यात आहे याचीही ती सूचना देते. वाटेत भेटलेल्या एका वनरक्षकाने आपल्या मोबाइलवरील असे संदेश आम्हास दाखविले. “मेसेज येतो, गुरुजी,” तो म्हणाला, “पण बऱ्याचदा तोवर आग कड्याला भिडलेली असते.” यात उपग्रहाचा दोष नाही. ते सूक्ष्म उपकरण वाहणारे उपग्रह आपल्यावरून जातात ते दुपारी व मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास; चार वाजता पेटलेले गवत त्यांना रात्रीच दिसणार, आणि तोपर्यंत विझून गेले तर दिसणारच नाही. उपग्रह सांगतो की आग लागली. हवामान सांगते की आज लागली तर आवरणार नाही. पहिल्या वार्तेने विझविणारे धावतात, दुसरीने पेटविणाराचा हात थांबू शकतो. प्राथमिक अगत्य दुसरीचे आहे.

नुसत्या अचूक अंदाजाने मात्र काम भागत नाही, याचा दाखला ऑस्ट्रेलियाने दिला आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात भयंकर वणवा पेटला. त्या दिवशी मेलबर्न शहराचा पारा ४६ अंशांवर गेला. तेथील वेधशाळेने अशा दिवसाची सूचना पुष्कळ आधी दिली होती. तरीही १७३ माणसे दगावली. पुष्कळांनी सूचना ऐकली होती, पण ऐकून नेमके काय करावयाचे हे त्यांस उमगले नव्हते. म्हणून पुढे तेथे धोक्याच्या श्रेणींत सर्वांत वरची एक नवी पायरी घालण्यात आली आणि तिचा अर्थ साध्या शब्दांत ठरविला: घर सोडून आधीच निघून जा. आकड्याचे आज्ञेत रूपांतर झाले तेव्हा अंदाज खरा उपयोगी पडू लागला.

आमच्याकडील आज्ञा याहून पुष्कळ सोपी आहे. राब भाजावयाचाच तर भोवतीचे गवत काढून, माणसे हाताशी ठेवून, वारा पडलेला असताना सकाळी भाजावा. आणि ज्या दिवशी हवा अति रुक्ष व वारा जोराचा सांगितला असेल त्या दिवशी काडी ओढूच नये. राखीव वनास आग लावणे हा १९२७ च्या वन अधिनियमाने अपराध ठरविला आहे, हे खरे. पण कायदा आगीच्या मागून येतो, अंदाज तिच्या आधी येऊ शकतो.

चाळीस वर्षे खडू हाती धरलेल्या आम्हांस या कामी एक साधन सुचते. प्रत्येक गावच्या शाळेत फळ्यावर रोज सुविचार लिहिण्याची चाल आहे. फेब्रुवारीपासून त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: आजचा वारा, आजचा दमटपणा, आणि ‘आज राब भाजण्यास हरकत नाही’ किंवा ‘आज आग नको’. आकडे कोणा मुलाने मोबाइलवरून उतरून घ्यावेत, निर्णय वनरक्षकाने सांगावा. मुले ती ओळ घरी नेतील, आणि नातवाने सांगितलेले आजोबा सहसा मोडीत नाहीत. मे महिन्यात शाळा बंद असते. तेव्हा हीच ओळ देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जावी.

आणि आपल्या घरातील तरुण मंडळी सुटीत नाणेघाट, जीवधन, भीमाशंकर करावयास निघतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी शिदोरीबरोबर त्यांना एवढे बजावून पाठवावे की, गडावर चूल पेटवू नका, आणि ‘हवामान कोरडे राहील’ असे कानी पडले तर ते आपल्यालाच उद्देशून आहे असे समजा. शिमल्याचे कार्यालय १९२८ साली पुण्यास पोहोचले. पुण्याचा अंदाज आहुप्यास पोहोचवावयाचा राहिला आहे. तेवढ्या वाटेपुरते दूताचे काम आपणांपैकी कोणासही करता येण्याजोगे आहे.