अनिमिष

माथेरानच्या डोंगरांत उगम पावलेली गाढी नदी आमच्या पनवेलजवळ खाडीस मिळते. आमच्या घरीं मत्स्याहार निषिद्ध. तथापि सायंकाळीं फिरावयास गेलों असतां, भरतीच्या वेळीं कांठावर गळ टाकून बसलेल्या मंडळींपाशीं घटकाभर थांबल्यावांचून माझें पाऊल पुढें पडत नाहीं.

गळास जिवंत कोळंबी लावून ते वाट पाहतात ती जिताड्याची. हा मासा खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांत जन्मतो, पुष्कळदां गोड्या पाण्यांत वाढतो आणि प्रजोत्पत्तीसाठीं पुन्हां खाऱ्या पाण्याकडे उतरतो. तरुणपणीं बहुधा नर असतो, पुढें मादी होतो! विजेरीच्या उजेडांत त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. संस्कृतांत 'अनिमिष' म्हणजे देव, आणि मासाहि. दोघांचीहि पापणी लवत नाहीं.

ही खाऱ्या-गोड्यामधली वाट बांधानें अडली किंवा सांडपाण्यानें नासली, तर न खाणाऱ्या आपलें काय गेलें, असें कोणी म्हणेल. पण वाचकहो, जें पाणी मासा सोडून जातो, त्याचें आचमन आपण तरी कसें करावें? नदीच्या शुचितेची परीक्षा आम्हां सोंवळ्यांच्या आधीं तो गळवालाच घेत असतो.